पहिल्या दहा चाली : बुद्धिबळाचा डाव सुरू करताना



आज आपण डावाच्या फक्त पहिल्या दहा चालींबद्दल बोलणार आहोत. मोहरी कशी चालतात, शह म्हणजे काय, मात कशी होते, एवढं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. ते येतं, पण पट मांडून झाला की "आता काय हलवू?" असा प्रश्न पडतो, अशांसाठी आजचं बोलणं आहे. सभागृहात पालकही बरेच दिसतायत. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून "आमच्या मुलीला कुठलं ओपनिंग शिकवू?" हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण आधी दिलं तर अर्धी मंडळी उठून जातील. (हशा)

ज्यांनी पट आणलाय त्यांनी मांडून घ्या. घरांची नावं सांगताना मी पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच म्हणेन आणि पांढऱ्याच्या बाजूनं आडव्या रांगांना एक ते आठ. म्हणजे पांढऱ्याचा राजा ई१ वर आणि काळ्याचा ई८ वर. एवढं पुरे.

आता, कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीबद्दल तीन आज्ञा असतात. मध्य ताब्यात घ्या, मोहरी बाहेर काढा, राजाला सुरक्षित करा. मुलं पाढ्यांसारख्या म्हणून दाखवतात. आणि मग पटावर बसली की पाचव्या चालीला वजीर एकटाच फिरायला निघतो. कारण आज्ञा पाठ आहे, पण ती का आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं असं की या तीनही आज्ञांच्या पोटात एकच गोष्ट आहे : वेळ. घड्याळातला वेळ नाही, चालींचा वेळ. तुम्हाला एका वेळी एकच चाल मिळते आणि समोरच्यालाही एकच. ती चाल तुम्ही कशावर खर्च केलीत, एवढाच सुरुवातीचा हिशेब आहे.

हा हिशेब नेहमीच इतका कडक होता असं नाही. आपल्याकडे जुन्या पिढीत देशी पद्धतीनं बुद्धिबळ खेळायचे. त्यात ठिकठिकाणी नियमांत थोडेफार फरक होते, पण साधारणपणे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. आजचं कॅसलिंग, ज्याला आपण किल्लेकोट म्हणतो, ते नव्हतं. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. आता विचार करा, प्यादं एकेक घर चाललं तर दोन्ही सैन्यं समोरासमोर यायला किती चाली लागतील? बऱ्याच. म्हणून त्या खेळात सावकाश बांधणी करणं शहाणपणाचं होतं. "आधी प्याद्यांची नीट तटबंदी कर, घाई करू नको" असं एखादे आजोबा नातवाला सांगतात ना, ते चुकीचं सांगत नाहीत. ते दुसऱ्या खेळाबद्दल सांगतायत.

आजच्या नियमांत पांढऱ्यानं ई४ केलं, काळ्यानं ई५ केलं, की पहिल्याच चालीत दोन प्यादी नाकाला नाक लावून उभी. दुसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला की ई५ वर हल्ला सुरू झालासुद्धा. तटबंदी करायला कोणी वेळच देत नाही.

या दोन खेळांमधला फरक ज्याच्या वाट्याला पुरेपूर आला असा माणूस म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातला. देशी पद्धतीवर वाढलेला. सर उमर हयात खान यांच्याबरोबर तो १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद जिंकून बसला. पुन्हा १९३२ आणि १९३३ ला जिंकलं. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं, जो आधी जगज्जेता होता. पण त्याची दुखरी जागा कुठली? सुरुवात. युरोपातल्या खेळाडूंनी लहानपणापासून जी पुस्तकं घोटलेली, ती त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. पहिल्या दहा-पंधरा चालींत तो पुष्कळदा मागे पडायचा आणि मग पुढे मधल्या डावात, शेवटच्या डावात आपल्या अफाट ताकदीनं ते भरून काढायचा. फिडेनं त्याला २०२४ मध्ये मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. हे मी अशासाठी सांगतोय की सुरुवातीचं ज्ञान म्हणजे बुद्धिबळाची ताकद नव्हे. पण सुरुवातीला गमावलेलं भरून काढायला सुलतान खानची ताकद लागते. ती आपल्याकडे नाही, तेव्हा आपण गमावू नये हे बरं.

मध्याकडे येऊ. मध्य म्हणजे ई४, डी४, ई५, डी५ ही चार घरं. ती का महत्त्वाची? मोकळ्या पटावर एक घोडा ठेवा आणि तो किती घरांत जाऊ शकतो ते मोजा. कोपऱ्यात, ए१ वर असेल तर दोन. काठावर, ए४ वर असेल तर चार. मध्ये ई४ वर ठेवला तर आठ. तोच घोडा, पण चौपट. उंटाचं बघा : कोपऱ्यातून सात घरं, मध्यातून तेरा. वजीर कोपऱ्यातून एकवीस, मध्यातून सत्तावीस. हत्तीला मात्र रिकाम्या पटावर कुठेही ठेवा, चौदाच. म्हणूनच हत्तीला सुरुवातीला मध्यात यायची घाई नसते, त्याला मोकळी उभी रांग हवी असते. नियम असे मोजून काढले की पाठ करावे लागत नाहीत.

आणखी एक मोजणी करा, घरी मुलांबरोबर करण्यासारखी आहे. डाव मांडलेला असताना पांढऱ्याकडे किती वेगवेगळ्या चाली असतात? वीस. प्याद्यांच्या सोळा आणि घोड्यांच्या चार. आता पांढऱ्यानं ई४ खेळलं आणि समजा लगेच त्याचीच पाळी आली, तर? तीस. उंटाची वाट उघडली, वजिराची उघडली. आता ई४ च्या जागी ए३ खेळा, कोपऱ्यातलं प्यादं एक घर. नवशिके हमखास खेळतात, "समोरचा उंट येईल म्हणून". मोजा. एकोणीस! म्हणजे चाल खर्च करून आपण होतो त्यापेक्षा मागे गेलो. घोड्याचं एक घर अडवलं आणि मिळवलं जवळजवळ काहीच नाही. एच३ चं तेच, एफ३ चं तेच. एफ३ ला तर वर राजाचं दार उघडं पडतं : एफ३, ई५, मग जी४, आणि काळा वजीर एच४ वर. मात. दोन चालींत डाव संपला. बुद्धिबळात याहून लवकर मात होत नाही.

कोणी म्हणेल, ई३ खेळलं तरी तीसच चाली मिळतात, मग ई४ च का? बरोबर प्रश्न आहे. नुसत्या चाली मोजणं पुरत नाही. ई४ वरचं प्यादं डी५ आणि एफ५ वर डोळा ठेवून असतं. तिथे काळ्याचं मोहरं निवांत बसू शकत नाही. ई३ वरचं प्यादं डी४ आणि एफ४ बघतं, म्हणजे स्वतःचंच अंगण. वाईट चाल नाही, लाजरी चाल आहे.

आता मोहरी बाहेर काढणं. एक साधा डाव लावतो, इटालियन म्हणतात त्याला. इटालियन खेळाडूंनी चारेकशे वर्षांपूर्वी त्यावर बरंच काम केलं म्हणून ते नाव. ई४, ई५. मग घोडा एफ३. ही चाल एकाच वेळी तीन कामं करते : मोहरं बाहेर आलं, समोरच्या प्याद्यावर हल्ला झाला आणि राजाच्या बाजूचं एक घर रिकामं झालं. काळा घोडा सी६ वर आणतो. त्यानंही प्याद्याला राखण देताना मोहरं बाहेर काढलं. एखादं प्यादं हलवूनही राखण देता आली असती, पण मग एक चाल नुसत्या बचावात गेली असती. तिसरी चाल, पांढरा उंट सी४ वर. हा तिथून तिरका एफ७ च्या घराकडे बघतोय. काळाही उंट सी५ वर आणतो. चौथ्या चालीला पांढरा कॅसलिंग करतो, काळा दुसरा घोडा एफ६ वर काढतो. पाचवी, डी३. ई४ ला आधार मिळाला आणि दुसऱ्या उंटाची वाट मोकळी झाली. काळाही डी६ करतो. बघा, पाच चाली झाल्या आणि एकही चाल वाया गेलेली नाही. पुढच्या चार-पाच चालींत वजिराच्या बाजूचा घोडा आणि उंट बाहेर, वजीर एक-दोन घरं पुढे. मग तुमच्या मागच्या रांगेत दोन हत्तींच्या मध्ये कोणीही उरत नाही, फक्त बाजूला राजा. हत्ती एकमेकांना बघू लागले की समजा सुरुवात संपली.

घोडा उंटाच्या आधी का काढायचा? कारण घोड्याचं चांगलं घर जवळजवळ ठरलेलं असतं, एफ३ किंवा सी३. उंटाला मात्र चार-पाच जागा असतात आणि समोरचा काय करतो ते बघून ठरवणं फायद्याचं. म्हणजे जे नक्की आहे ते आधी करा, जे ठरायचं आहे ते थोडं लांबवा. घरच्या कार्याची तयारीही आपण अशीच करतो. फक्त घोडा इतकाही लांबवू नका की वरातीमागून घोडं व्हावं.

आता एका वेगळ्याच प्रकाराकडे वळतो, कारण मला त्याची खरोखर काळजी वाटते. चार चालींत मात. ई४, ई५, पांढरा वजीर थेट एच५ वर. मग उंट सी४ वर, मग वजिरानं एफ७ चं प्यादं मारून मात. एफ७ हे घर सुरुवातीला फक्त राजाच्या राखणीत असतं, त्यावरच सगळा डोळा. मोबाईलवर याचे व्हिडिओ भरपूर आहेत. सात-आठ वर्षांचं मूल हे शिकतं, शाळेतल्या स्पर्धेत चार डाव जिंकतं, घरी बक्षीस येतं, पेढे वाटले जातात. पालक खूश, आणि मूल शिकतं ते हे की समोरचा चुकणार आहे. मग वर्षभरानं एक मुलगी समोर बसते, जी चुकत नाही.

ती काय करते ते बघू. वजीर एच५ वर आला, ई५ च्या प्याद्यावर हल्ला. ती घोडा सी६ वर काढते, राखण झाली. पांढरा उंट सी४ वर येतो, आता एफ७ वर मात दिसतेय. इथे एक धोका आहे. "मोहरी बाहेर काढा" एवढंच पाठ असेल तर घोडा एफ६ वर जातो, वजिरावर हल्लाही होतो, आणि पुढच्या चालीला एफ७ वर मात. म्हणजे आज्ञा पाळली आणि डाव गेला! समोरच्याची धमकी आधी, बाकी सगळे नियम नंतर. तर ती जी६ करते. वजिराला हलावं लागतं. तो एफ३ वर जातो, पुन्हा एफ७ वर मातीची धमकी. आता ती घोडा एफ६ वर आणते. वाट बंद.

आता थांबून मोजा. चार-चार चाली झाल्या. पांढऱ्याचा एक उंट बाहेर आहे आणि वजीर दोनदा हलून एफ३ वर बसलाय, म्हणजे जिथे त्याच्याच घोड्याला यायचं होतं तिथे. काळीचे दोन घोडे बाहेर आहेत आणि जी७ वर उंटाला जागा तयार आहे, मग लगेच कॅसलिंग. शिवाय पांढरा गाफील राहिला तर घोडा डी४ वर उडी मारेल आणि वजीर व सी२ चं प्यादं दोघांवर एकदम हल्ला. सी२ मारलं की राजा आणि हत्तीवर दुहेरी. पाच चालींपूर्वी जो मुलगा जिंकत होता तो आता वजीर कुठे लपवू या विवंचनेत आहे. वजीर हरला असं नाही, डाव अजून खेळण्यासारखा आहे. पण वजिराला जो धक्का बसतो तो प्रत्येक धक्का म्हणजे समोरच्याला फुकट मिळालेली चाल. वजीर सगळ्यात मौल्यवान म्हणून त्याला कोणीही उठवू शकतं : घोडा, उंट, दोन घरं चाललेलं प्यादंसुद्धा. "वजीर लवकर काढू नये" यामागचं कारण एवढंच.

हा मुलगा अशा डावानंतर बुद्धिबळ सोडतो. कारण त्याच्याकडे सापळा होता, विचार नव्हता, आणि सापळा चालेनासा झाल्यावर त्याला वाटतं आपलं डोकंच चालेनासं झालं. मी सापळे शिकवूच नका म्हणत नाही. ते ओळखता आले पाहिजेत. पण शिकवताना आधी काळ्याच्या बाजूनं शिकवा. आधी मात चुकवायला शिकू दे.

आता एक जुना डाव, पूर्ण. सतरा चालींचा आहे, कंटाळा येणार नाही. १८५८ साल, पॅरिस, ऑपेरागृहातला एक खासगी कक्ष. पांढऱ्याकडून पॉल मॉर्फी, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, वय एकवीस. काळ्याकडून दोघं मिळून सल्लामसलत करत खेळतायत : ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर. समोर ऑपेरा चाललाय आणि हे पटावर.

ई४, ई५. घोडा एफ३. काळ्यानं डी६ केलं. प्याद्याला राखण मिळाली, पण एफ८ च्या स्वतःच्या उंटाची वाट बंद झाली. या उंटावर लक्ष ठेवा. पांढरा डी४, मध्यात दुसरं प्यादं. काळ्यानं उंट जी४ वर आणून एफ३ चा घोडा जखडला. मॉर्फीनं डी४ च्या प्याद्यानं ई५ चं प्यादं मारलं. काळ्यानं आता साधं परत मारलं असतं तर वजिरावजिरी होऊन त्याचं प्यादं गेलं असतं, म्हणून त्यानं आधी उंटानं घोडा मारला. मॉर्फीनं वजिरानं उंट मारला. मग काळ्यानं ई५ वर प्यादं परत घेतलं.

पाच चाली झाल्या. मोहऱ्यांचं बघाल तर हिशेब सारखा, उंट गेला घोडा गेला. वेळेचं बघा. काळ्याचा उंट दोनदा हलला आणि पटावरून गेला. त्या दोन चालींचं आता पटावर काहीच शिल्लक नाही. काळ्याचं एकही मोहरं बाहेर नाही. पांढऱ्याचा वजीर बाहेर आहे, तोही मारता मारता आलेला, म्हणजे चाल न खर्च करता. आणि पाळी पांढऱ्याची.

उंट सी४, एफ७ वर मातीची धमकी. काळा घोडा एफ६, वाट अडवली. आता मॉर्फी वजीर बी३ वर नेतो. दुसऱ्यांदा वजीर! नियम मोडला? मोडला, पण एफ७ आणि बी७ असे दोन हल्ले एकदम केले, समोरच्याला उत्तर देणं भाग पडलं. धमकी देऊन हललेलं मोहरं चाल वाया घालवत नाही. काळ्यानं वजीर ई७ वर आणला. एफ७ राखलं, पण एफ८ चा उंट आता पुरता कोंडला. इथे मॉर्फीला बी७ चं प्यादं खाता आलं असतं. मग काळा वजीर बी४ वरून शह देतो, वजिरावजिरी होते, आणि एक प्यादं जास्त घेऊन पांढरा निवांत खेळत बसतो. आपण सगळ्यांनी ते खाल्लं असतं. मॉर्फीनं त्याऐवजी दुसरा घोडा सी३ वर काढला. काळ्यानं सी६ करून बी७ ला वजिराची राखण दिली. मॉर्फीनं उंट जी५ वर आणला, एफ६ चा घोडा जखडला. आणि काळ्यानं बी५ केलं, प्याद्यानं उंटाला हाकलायला.

नऊ-नऊ चाली झाल्या. मोजा. पांढऱ्याचे दोन्ही उंट, घोडा आणि वजीर, चार मोहरी मैदानात. काळ्याचा एक घोडा, तोही जखडलेला, आणि एक वजीर, जो स्वतःच्याच उंटाच्या दारात उभा. चार विरुद्ध दोन. याला म्हणतात आघाडी, आणि ती मोहऱ्यांच्या किमतीत दिसत नाही.

पुढे मॉर्फी उंट मागे घेत नाही. घोड्यानं बी५ चं प्यादं मारतो. काळा प्याद्यानं घोडा मारतो, पांढरा उंट ते प्यादं मारून शह देतो. काळा दुसरा घोडा डी७ वर आडवा घालतो. आता मॉर्फीची माझी सर्वांत आवडती चाल : वजिराच्या बाजूचं कॅसलिंग. डी ची उभी रांग मोकळी आहे. एका चालीत राजा कडेला आणि हत्ती थेट डी१ वर, डी७ च्या घोड्यावर रोखलेला. कॅसलिंग म्हणजे राजाला लपवणं एवढंच आपण शिकवतो, पण ते हत्तीला बाहेर काढणंही आहे. काळा हत्ती डी८ वर आणतो. मॉर्फी हत्तीनं डी७ चा घोडा मारतो, काळा हत्तीनं परत मारतो, आणि पांढरा दुसरा हत्ती एच१ वरून डी१ वर आणतो. घरात उरलेलं शेवटचं मोहरंही कामाला लागलं. काळा वजीर ई६. पांढरा उंट डी७ चा हत्ती मारतो, शह. काळा घोड्यानं उंट मारतो. मग पांढरा वजीर बी८ वर जाऊन स्वतःला देतो, शह! घोड्याला तो मारावाच लागतो. घोडा डी७ वरून हलला, आणि पांढरा हत्ती डी८ वर. मात.

आता पटाकडे बघा. पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा. आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं तो एफ८ चा उंट आणि त्याच्या शेजारचा एच८ चा हत्ती, दोघांनीही सबंध डावात एक चाल केलेली नाही. पटावर होते, डावात नव्हते. लोक या डावातल्या वजिराच्या बलिदानावर टाळ्या वाजवतात. ती मात दहाव्या चालीला शक्य झाली होती, चार विरुद्ध दोनवर. बलिदान हा फक्त हिशेब वसूल करण्याचा प्रकार होता.

घरी करायला एक गोष्ट सांगतो. मुलं डाव लिहितात ना, त्या वहीत दहाव्या चालीखाली एक रेघ मारायची. माझी किती मोहरी घर सोडून आली, समोरच्याची किती, कॅसलिंग कोणाचं झालं, आणि मी कुठलं मोहरं दोनदा हलवलं आणि का. चार आकडे, अर्धा मिनिट. मोबाईलवरचं इंजिन सांगतं की चाल चुकली आणि पुढे एक आकडा दाखवतं. कारण सांगत नाही. ही रेघ कारण सांगते.

अपवादांबद्दल थोडक्यात. १९२० च्या दशकात रेटी, निमझोविच वगैरे खेळाडूंनी दाखवलं की मध्यात प्यादी न घुसवताही मध्य ताब्यात ठेवता येतो, कोपऱ्यातल्या उंटांनी दुरून. रेटीनं १९२४ ला न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवलं ते घोडा एफ३ नं सुरुवात करून. पण लक्षात घ्या, भांडण मध्याबद्दलच होतं. जवळून धरायचा की लांबून, एवढाच वाद.

प्रश्न घेऊ.

(प्रश्न : स्कँडिनेव्हियनमध्ये काळा दुसऱ्याच चालीला वजीर काढतो. मोठे खेळाडूही खेळतात. मग?)

ई४ ला डी५, प्यादं मारलं, वजिरानं परत मारलं, आणि पांढरा घोडा सी३ वर येऊन वजिराला उठवतो. हो, काळ्याची एक चाल जाते. ती जाते हे त्याला माहीत असतं आणि बदल्यात तो मध्यातलं पांढरं प्यादं घालवतो आणि एक मजबूत, साधी मांडणी मिळवतो. किंमत माहीत असून केलेला खर्च आहे तो. मुलानं ही किंमत सांगितली तर खुशाल खेळू द्या.

(प्रश्न : मग मुलीला कुठलं ओपनिंग शिकवू?)

तुम्ही थांबलात त्याबद्दल आभार. (हशा) पहिल्या वर्षी एकच, ई४ आणि इटालियन. काळ्याकडून ई४ ला ई५, डी४ ला डी५. पाच चालींपेक्षा जास्त पाठ करून घेऊ नका. पण त्या पाच चालींतली प्रत्येक का खेळली हे तिला तोंडानं सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तिथेच थांबा, सहावी शिकवू नका.

(एका मुलाचा प्रश्न : सर, समोरच्यानं नियम मोडला, ए५, एच५ अशी प्यादीच ढकलत बसला, तर मी लगेच हल्ला करू?)

नाही रे, लगेच नको. त्यानं दोन चाली घालवल्या म्हणजे तुला दोन चाली जास्त मिळाल्या, एवढंच झालं. त्या दोन चालींत तू घोडा काढ, उंट काढ, कॅसलिंग कर. तुझी चार मोहरी बाहेर आली आणि त्याचं एकच, की मग मध्यातलं प्यादं पुढे सरकव आणि रांगा उघड. मॉर्फीनं नऊ चाली वाट बघितली होती ना? ये, तू पांढरी घे, मी काळ्याकडून ए५ आणि एच५ खेळून दाखवतो. पट मांडलेलाच आहे. बाकीच्यांनी चहा घ्यायला हरकत नाही.